शंभर मार्कांचं मांजर

माझ्या चेहऱ्याला शंभरपैकी एकतीस मार्क आहेत. त्यातले दहा एकट्या कानांचे. नाक बसकं, हनुवटी आत गेलेली आणि डोळ्यांना "गढूळ" असा शेरा. हे मार्क देणारा माणूस माझा घरमालक होता. खोली दिल्यावर महिन्याभराने त्याने मला दारात उभं केलं, तोंड उजेडाकडे फिरवायला लावलं आणि मोठ्याने मार्क सांगून टाकले. खोली शोधत आलो तेव्हा मी सांगलीतल्या एका हायस्कुलात चित्रकलेचा मास्तर म्हणून नुकताच लागलो होतो. बाकीचे घरमालक जात विचारायचे, लग्न झालंय का विचारायचे, मटण शिजवणार का विचारायचे. ह्या गृहस्थाने आतून वेताची पेटी आणली, तिच्यातून एक मांजर काढलं, त्याचा कान दोन बोटांत धरला आणि विचारलं, "मास्तर, ह्यो रंग कंचा?"

मी म्हणालो, तपकिरी.

"तपकिरी कंचा? चिंचोक्याचा का काळ्या गुळाचा?"

चिंचोक्याचा, मी म्हणालो. खरं तर अंदाजाने ठोकून दिलं होतं. पण त्या एका उत्तरावर मला खोली मिळाली, आणि पुढची चार वर्षं माझ्या डोक्याला जो ताप झाला तोही त्याच उत्तरामुळे.

सगळी गल्ली त्यांना सुभेदार म्हणायची. मूळचे म्हसवडकडचे. घरची जमीन होती, पण पाण्याच्या नावाने बोंब. म्हणून पोरवयातच फौजेत गेले आणि जनावरांच्या खात्यात लागले. सगळी नोकरी खेचरांत काढली. खेचराचा खूर बघून ते त्याचं वय सांगत आणि शेपूट बघून स्वभाव. पेन्शनीत निघाल्यावर गावी न जाता बायकोच्या माहेरगावी सांगलीत चार खोल्यांचं बैठं घर बांधलं. मुलगा-सून नोकरीच्या गावी, तीन खोल्यांत ते, त्यांची बायको आणि राणी. चौथीत मी.

राणी म्हणजे ती पेटीतली. जातिवंत सयामी. "मांजर" म्हटलेलं सुभेदारांना खपत नसे. दूधवाला एकदा "मांजराला दूध जास्त झालंय" असं म्हणाला तर त्याला त्यांनी पायरीवर उभं करून दहा मिनिटं शिकवणी दिली. अंगाचा रंग सायीसारखा, तोही म्हशीच्या दुधाच्या सायीसारखा, गाईच्या नव्हे. तोंड, दोन कान, चार पाय आणि शेपूट एवढ्याच जागी गडद चिंचोक्याचा रंग, आणि त्या दोन रंगांची सरमिसळ कुठेही नाही. डोळे निळे. डोकं वरून पाहिलं तर त्रिकोणी, कानाच्या टोकापासून हनुवटीपर्यंत सरळ रेघ. शेपूट चाबकासारखी निमुळती. दूधवाला ऐकून घेत होता, कारण बाकीच्या गल्लीचं दूध त्याच्या सायकलला टांगलेलं होतं आणि सायकल सुभेदारांनी धरून ठेवली होती.

ही राणी त्यांना मिळाली ती नोकरीच्या शेवटच्या वर्षी, डेहराडूनला. तिथल्या साहेबाच्या मेमसाबला सयामी मांजरांचा नाद होता. मांजरी व्यायली की सुभेदार दिवसभर तिथेच. पिल्लं जन्मतात ती दुधासारखी पांढरी, आणि मग रंग आधी कानाच्या कडेला येतो, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ही गोष्ट ते अशा आवाजात सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं ह्यांना दृष्टांत झाला. निवृत्तीच्या दिवशी मेमसाबने त्यांना एक पिल्लू दिलं, एक पातळसं इंग्रजी पुस्तक दिलं आणि एक शब्द घेतला. हिचा वंश शुद्ध ठेवायचा. मिळाला तर जातिवंत नर, नाही तर नाही. सुभेदारांनी सॅल्यूट ठोकून शब्द दिला आणि पेटी मांडीवर घेऊन तीन दिवसांचा रेल्वेचा प्रवास केला.

त्या पुस्तकाने माझा जीव खाल्ला. सुभेदारांना इंग्रजी अक्षर येत नव्हतं, आणि मला येतं हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं. पुस्तकात मार्कांचा तक्ता होता. डोक्याला इतके, कानांना इतके, डोळ्यांना, अंगाला, शेपटीला, रंगाला, सगळे मिळून शंभर. तो तक्ता मी त्यांना वाचून दाखवला तो दिवस काळा म्हणायला हवा. कारण त्यानंतर जगातली प्रत्येक गोष्ट शंभरात बसायला लागली. भाकरीला मार्क, पावसाला मार्क, भाचीला बघायला आलेल्या मुलाला मार्क. रेशनवर मिलो ही परदेशातली लाल ज्वारी मिळायची ते दिवस होते. मिलोच्या भाकरीला त्यांनी रंगाचे अकरा दिले आणि चवीचे दिलेच नाहीत. त्यांच्या बायकोला सगळे मावशी म्हणायचे. मावशींनी ती भाकरी त्यांच्यापुढून उचलली आणि म्हणाल्या, "आता मार्कच खावा."

मार्क देण्याआधी वस्तू उजेडात धरायची, हा त्यांचा नेम. लुगड्याचं कापड, गुळाची ढेप, दुधाची वाटी, सगळं दारात नेऊन उजेडात. एकदा मला बाजारात घेऊन गेले आणि अडत्याच्या दुकानातल्या नऊ ढेपा एकामागून एक रस्त्यावर आणून बघितल्या. अडत्याला वाटलं मोठं गिऱ्हाईक आहे, त्याने चहा मागवला. सुभेदारांनी त्यातली एकही ढेप घेतली नाही. राणीचं अंग वयाबरोबर थोडं गडद होत चाललं होतं आणि नेमक्या कुठल्या गुळाकडे झुकतंय एवढंच त्यांना पाहायचं होतं. चहा मात्र प्यायले. परत येताना मला सांगितलं, उजेडात धरल्याबिगर काय बी खरं मानायचं न्हाई.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी राणीचं चित्र काढायचं, हा माझ्या भाड्याचा न बोललेला भाग होता. फोटो काळेपांढरे, त्यांचा उपयोग नाही. म्हणून मास्तर. पूर्वेच्या खिडकीशी स्टूल, स्टुलावर राणी, तिच्या मागे पांढरा टॉवेल, आणि माझ्या मागे सुभेदार. सायीचा रंग जमला की कानाचा बिघडायचा. कानाचा जमेपर्यंत राणी उठून जायची. तिची नजर किंचित तिरळी होती आणि शेपटीच्या टोकाला गाठीसारखी एक मुरड होती. पुस्तकात ह्या दोन्ही खोडी म्हणून दिल्या होत्या आणि त्यांचे मार्क कापले जायचे. एका रविवारी मी कंटाळून शेपूट सरळ काढली. सुभेदारांनी ब्रश माझ्या हातातून काढून घेतला, पाण्यात बुडवला, परत दिला आणि म्हणाले, "मुरड काडा. हाय ती दाखवायची."

मी मुरड काढली. मनातल्या मनात मी त्यांना काय काय म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वाचनाचंही तेच. तक्ता संपल्यावर पुस्तकात शेवटी बारीक टायपातली आठदहा पानं होती, लांब लांब वाक्यांची. त्या दिवशी मला शाळेच्या वह्या तपासायच्या होत्या. पुढं काय लिवलंय, असं त्यांनी विचारलं. मी पानं उलटली आणि सांगितलं, पुढे नुसत्या जाहिराती आहेत. त्यांनी मान डोलावली आणि पुस्तक फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवलं.

राणी माजावर आली की घराचा तुरुंग व्हायचा. ज्यांनी सयामी मांजरीचं ओरडणं ऐकलं नाही त्यांनी ते ऐकू नये. तान्हं मूल आणि बिघडलेला रहाट एकदम सुरू झाल्यासारखं ते असतं, आणि आठ-आठ दिवस चालतं. आवाज ऐकून गल्लीतले बोके भरदुपारी कौलांवर येऊन बसायचे. सुभेदारांनी सगळ्या खिडक्यांना बारीक तारेची जाळी ठोकली होती, माझ्यासुद्धा. वाटेवर आत एक आणि बाहेर एक अशी दोन दारं. आधी बाहेरचं दार लावायचं, मगच आतलं उघडायचं. मी एकदा विसरलो, तर मला अंगणात उभं करून दार उघडण्याची कवायत वीस वेळा करायला लावली. मी पदवीधर माणूस. समोरच्या घरातल्या बायका बघत होत्या. खोली सोडायचं मी त्या दिवशी नक्की केलं आणि संध्याकाळी मावशींनी माशाचं कालवण पाठवलं म्हणून सोडली नाही. ते मासेही राणीसाठीच आणलेले होते.

नराच्या शोधात माझी दोन वर्षं गेली. ज्या गावात म्हणून कुणी निवृत्त साहेब राहतो तिथे पत्र. पत्राची इंग्रजी माझी, मजकूर त्यांचा, आणि प्रत्येक पत्रात राणीचे मार्क. शहाऐंशी. एकाने उत्तरादाखल पांढऱ्या झुपकेदार बोक्याचा फोटो पाठवला. त्याला सुभेदार "उशी" म्हणाले. तासगावकडचा एकजण तर नर घेऊनच आला. अंग मळकट पांढरं, तोंड-कान-पाय काळेभोर. मी थक्क झालो. सुभेदारांनी त्याला उचललं, दारात नेलं आणि बघायच्या आधी हुंगलं. मग शांतपणे म्हणाले, "ह्यो बुटाच्या पालिशचा वास हाय. तीस वरसं बूट घासल्यात म्या." तो माणूस बोका तिथेच टाकून पळाला. बोक्याला साबण लावून धुवायचं काम कुणाला लागलं असेल ते सांगायची गरज नाही.

राणी सात वर्षांची झाली तेव्हा सुभेदार गप्प राहायला लागले. मांजरीचं वय झालं की पिल्लं राहत नाहीत, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. मावशी मला म्हणाल्या, "आवं मास्तर, सुनंच्या बाळंतपणाची एवढी काळजी ह्यांनी कवा केली न्हाई. पर आता मलाबी वाटाय लागलंय, हिची कूस उजवावी." मला मुख्यतः झोप हवी होती. पण खोटं कशाला बोलू, मलाही वाटायला लागलं होतं.

आणि त्याच सुमाराला दोन गोष्टी पाठोपाठ झाल्या. मार्गशीर्षात राणीच्या कुशीला जाळीची तार लागून जखम चिघळली. जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडरने तिथले केस तासून पट्टी केली. जखम महिनाभरात बरी झाली, पण तिथे नवे केस आले ते सायीच्या रंगाचे नव्हते. तीन बोटं रुंदीचा, गडद तपकिरी डाग. सुभेदारांनी तो उजेडात पाहिला. दुसऱ्या दिवशी पाहिला. त्यानंतर मला विचारलं की जाईल का हो. मी म्हणालो, जाईल की. मला काय माहीत होतं? डोंबल.

दुसरी गोष्ट म्हणजे साताऱ्याहून पत्र आलं. तिथे एक निवृत्त न्यायाधीश राहत होते, त्यांच्याकडे सयामी नर होता, कागदपत्रांसकट. मादी पसंत पडली तर आठ दिवस ठेवून घेऊ असं त्यांनी कळवलं होतं. अट एकच. आधी रंगीत चित्र पाठवावं, अंगावरच्या प्रत्येक खुणेसकट. माझी नजर अजून शाबूत आहे आणि माझा वेळ वाया गेलेला मला चालत नाही, असं त्यांच्या पत्रातलं शेवटचं वाक्य होतं.

मी रविवारभर एकटाच बसलो; सुभेदार त्या दिवशी म्हसवडला गेले होते. चित्र सुरेख झालं, चार वर्षांत झालं नव्हतं असं. फक्त डाग राहिला होता. ब्रश तपकिरीत बुडवला आणि हात थांबला. डाग काढला की साताऱ्याचं दार बंद, पुन्हा पत्रं, पुन्हा पालिशवाले, पुन्हा ते ओरडणं. नाही काढला तर जाईपर्यंत केस बदलतीलच, असं मी मला समजावलं. ब्रश धुऊन टाकला. पाकिटं चिकटवायच्या खळीची वाटी सुभेदारांच्या फळीवर असायची, म्हणून सोमवारी सकाळी पाकीट उघडंच त्यांच्या हातात दिलं आणि शाळेची वेळ झाली म्हणून निघालो. आठवड्याने साताऱ्याहून कार्ड आलं. या.

निघायच्या दिवशी मावशींनी मुलगी सासरी पाठवावी तशी तयारी केली. सुकी मासळी, धुतलेला टॉवेल, दुधाची तिची वाटी. तिच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. सुभेदारांनी ते ओल्या फडक्याने पुसून काढलं, रंगाचे मार्क जातील म्हणून. दोघांचं त्यावरून वाजलं. मग आम्ही एस.टी.त बसलो. राणीने इस्लामपूरपर्यंत सूर धरला आणि कराडपर्यंत सोडला नाही. मलकापुराजवळ कंडक्टर येऊन म्हणाला, ह्याचं तिकीट काढा नाही तर तोंड बांधा. सुभेदारांनी त्याला सांगितलं की ही लग्नाला निघालीय, आणि नवरी रडतेच. बसमधल्या बायका हसल्या आणि एकीने पेटीत डोकावून विचारलं, "अगं बया, हिचं त्वांड कशानं भाजलं?" सुभेदारांनी तिला काही मार्क दिले असतील, पण मोठ्याने सांगितले नाहीत. इतके ते खुशीत होते. चार वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. फौजेतला कोट घातला होता, मिशीला तेल लावलं होतं.

न्यायाधीशांचं घर स्वच्छ होतं. माणूसही स्वच्छ, बारीक, पांढऱ्या सदऱ्यातला. त्यांनी चहा सांगितला आणि टेबलावर माझं चित्र ठेवलं. भिंग काढलं. राणीचं डोकं पाहिलं, ठीक. डोळे पाहिले, तिरळेपणा चित्रात दाखवलाय, ठीक. शेपटीची मुरड चित्रात आहे, ठीक. सुभेदार बाजूला ताठ उभे होते. खुर्ची दिली तरी बसले नव्हते. मग न्यायाधीशांनी तिला कुशीवर वळवलं. डाग जाणं तर दूरच, उलट आणखी दाट झाला होता.

त्यांनी भिंग डागावर धरलं. भिंग ठेवलं, चित्र उचललं, पुन्हा ठेवलं.

"हे चित्रात नाही," ते म्हणाले.

 मीच विसरलो, असं मी काहीतरी पुटपुटलो. ते माझ्याकडे बघतच नव्हते.

"रक्तात भेसळ असल्याशिवाय सायीच्या अंगावर असा पट्टा येत नाही. त्याचं मला एवढं वाटत नाही. भेसळ मांजरात असते. पण शेपटीची मुरड दाखवायची आणि हे लपवायचं, ह्याला फसवणूक म्हणतात. फौजेतल्या माणसाकडून माझी ही अपेक्षा नव्हती."

मला वाटलं आता सुभेदार पेटणार. पालिशवाल्याला एका वाक्यात पळवून लावणारा माणूस. त्यांनी टाचा जुळवल्या आणि म्हणाले, "चूक झाली, साहेब." राणीला पेटीत घातलं. चहा तसाच राहिला.

परतीच्या बसमध्ये त्यांनी पेटी पायाशी ठेवली. राणी ओरडली नाही. उंब्रजला मी विचारलं काही खायचं का, तर मान हलवली. कराडच्या पुढे एकदाच म्हणाले, "खरंच इसरला का मास्तर?" मी म्हणालो, हो, विसरलो. त्यांनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

त्या दिवसापासून घरातले मार्क बंद झाले. भाकरी कशीही आली तरी खायची. रविवारचं चित्र बंद. इतकी वर्षं ज्याला मी शिव्या घातल्या ते सगळं एकदम थांबलं, आणि मला सुख लागायला हवं होतं, ते लागलं नाही. राणीची ताटवाटी वेळेवर व्हायची, पण देणाऱ्या मावशी. ती पायात घोटाळली की सुभेदार पाय काढून घ्यायचे. मेमसाबला कुणीतरी फसवलं, असं त्यांनी मावशींना सांगितलं. ही खोटी निघाली. जाळ्या मात्र त्यांनी काढल्या नाहीत, आणि राणी जाळीच्या आत बसून बाहेर बघत राहायची. मला त्यांचा इतका राग आला होता, आणि त्याहून जास्त माझा, की मी त्यांच्यासमोर जायचंच टाळायला लागलो.

चैत्राच्या उन्हात राणीचे केस झडले. माझ्या खोलीत येऊन ती माझ्या पांढऱ्या पायजम्यावर लोळली आणि पायजमा झटकता झटकता माझं तिच्या कुशीकडे लक्ष गेलं. डाग विरळ झाला होता. पंधरा दिवसांनी तिथे नवी साय आली होती, एक तपकिरी केस नाही. मी तिला उचलून दारात नेलं आणि उजेडात धरलं. मग मावशींकडून ते पुस्तक मागून आणलं आणि ज्या पानांना मी जाहिराती म्हणालो होतो ती वाचायला बसलो.

सहाव्या पानावर ते होतं. ह्या जातीच्या अंगाचा जो भाग थंड राहतो तिथे केस गडद येतात, उबेत असतो तिथे फिके. म्हणूनच कान, तोंड, पाय आणि शेपूट गडद. कुठे केस तासले आणि दिवस थंडीचे असले, तर नवे केस गडद येतात आणि पुढच्या झडीला आपोआप जातात. तो दोष मानू नये, उलट ती जातीचीच खूण समजावी. एवढं साध्या इंग्रजीत छापलेलं होतं. आणि ते चार वर्षं फडक्यात गुंडाळून ठेवलं गेलं, कारण मला वह्या तपासायच्या होत्या.

मी तसाच पुस्तक आणि राणी घेऊन सुभेदारांपुढे गेलो. वाचून दाखवलं. दोनदा दाखवलं. मग जाहिरातींचंही सांगून टाकलं. ते रागावतील अशी माझी तयारी होती, किंबहुना रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी राणीच्या कुशीवरून फक्त हात फिरवला, केसांच्या उलट दिशेने, मुळं दिसतील असा. मी बोलत सुटलो होतो. उद्याच्या उद्या साताऱ्याला जाऊ. न्यायाधीशांपुढे पुस्तक उघडून ठेवू. अजून एखादं वर्ष हातात आहे. त्यांनी तुमची माफी मागितली पाहिजे.

"न्हाई जायाचं," सुभेदार म्हणाले.

मी विचारलं, का.

"पाकीट म्या चिकटावलं हुतं, मास्तर. चित्र बघून चिकटावलं."

मला क्षणभर कळलंच नाही.

"डाग न्हाई, त्ये म्या बघितलं. तुमास्नी हाक मारनार हुतो. मग म्हनलं ऱ्हाऊ दे. सात वरसाची झाली ती, एकदा नराचं त्वांड तरी बघू दे तिला." ते राणीकडे बघत बोलत होते. "साहेब फसवनूक म्हनला, त्यात काय खोटं न्हवतं. आता कंच्या तोंडानं जाऊ?"

मी म्हणालो, मी विसरलो नव्हतो. मुद्दाम सोडला होता.

"म्हाईत हाय. मुरड काडणारा मानूस डाग इसरंल व्हय?" मग त्यांनी राणीला उचलून मांडीवर घेतलं. "तीन महिनं म्या हिला खोटी म्हनलो. ह्या घरात खरी तेवढी हीच हुती."

ते उठले, कोनाड्यातून पक्कड काढली आणि पूर्वेच्या खिडकीच्या जाळीचे खिळे उपसायला लागले. मावशी आतून आल्या, बघितलं आणि खिळे ठेवायला वाटी दिली. मी विचारलं, मेमसाबला दिलेल्या शब्दाचं काय. ते म्हणाले, शब्द खऱ्या मानसानं पाळायचा असतो, आन् तिनं माझ्यापायी किती वरसं बसायचं? जाळी निघाल्यावर राणी खिडकीत आली, चौकट हुंगली आणि बाहेर उडी मारली. सुभेदारांनी तिला हाक मारली नाही.

आषाढात तिने चार पिल्लं दिली. बाप कोण हे सांगायला पंचांग नको होतं. पुढच्या वळणावरचा एक कान फाटलेला पट्टेरी बोका महिनाभर आमच्या अंगणात जावयासारखा येऊन बसत होता. दोन पिल्लं पट्टेरी, एक काळं, एक काळं पण पायात पांढरे मोजे घातलेलं. एकाच्याही अंगावर साय नाही. सुभेदार त्यांच्यापाशी तासन् तास उकिडवे बसायचे. डोळे उघडले तेव्हा निळे होते, पुढे तेही हिरवट झाले. मला वाटलं ते खचतील. त्यांनी मला बोलावलं आणि मेमसाबला इंग्रजीत पत्र लिहायला सांगितलं.

सगळं लिवा, ते म्हणाले. डाग, चित्र, सातारा, जाहिराती, जाळी, बोका. बापाच्या नावापुढे काय लिहू असं मी विचारलं, तर म्हणाले, लिवा गल्लीतला. आणि खाली लिवा, चारी पोरं धडधाकट हायेत, आईचं दूध भरपूर हाय.

मी खोलीत जाऊन लिहिलं. चार पानं झाली. माझ्या जाहिराती लिहिल्या, मी डाग मुद्दाम सोडला तेही लिहिलं. पण त्यांनी पाकीट चिकटवताना चित्र पाहिलं होतं, ते माझ्याने लिहवेना. त्या बाईच्या लेखी हा एक माणूस तरी सरळ राहावा असं मला फार वाटलं. चार वर्षं ज्याने माझं डोकं पिकवलं त्याच्यावर माझा इतका जीव जडला आहे हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं, आणि त्याचीही मला चीड आली.

सकाळी पत्र नेऊन दिलं. त्यांनी चारी पानं उलटून पाहिली, जणू वाचताहेत.

"माजं त्ये लिवलंय न्हवं? चित्र बघितल्यालं?"

लिहिलंय, मी म्हणालो.

ते माझ्याकडे बघत राहिले. पानांच्या घड्या नीट घातल्या, पाकिटात सरकवल्या आणि उघडं पाकीट माझ्या हातात परत दिलं. खळीची वाटीही दिली.

"ह्या बारीला तुमीच चिकटवा," ते म्हणाले आणि पिल्लांकडे गेले.

मी ते पाकीट घेऊन खोलीत आलो. शाळेत अर्ध्या दिवसाची रजा कळवली, टेबलावर कोरे कागद घेतले आणि त्या माणसाच्या नावाने बोटं मोडत पत्र पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला बसलो.